लॅपटॉपची स्मृती गेली म्हणजे लॅपटॉप गेला काय?

कल्पना करा, मुलुंडच्या एखाद्या शाळेत वार्षिक निकालाचे काम चालू आहे. वर्गशिक्षिकेचा सात-आठ वर्षांचा लॅपटॉप सकाळी चालू होतो, पडदा उजळतो, परंतु पुढे काहीच घडत नाही. दुरुस्तीवाला सांगतो, "एसएसडी गेली. ती या कंपनीची खास असते, बाजारात मिळत नाही. त्यापेक्षा नवा लॅपटॉप घ्या." हा सल्ला खरा असेल, तर शाळेचे पन्नास-साठ हजार रुपये खर्ची पडतील. तो किती खरा आहे, हे आपण विज्ञानाच्या आधारे तपासून पाहू.

प्रथम एसएसडी म्हणजे काय ते पाहू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी चुंबकीय चकती असे. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. एका छोट्या पट्टीवर स्मृतीच्या काही चिप आणि एक नियंत्रक चिप असते, एवढेच. या स्मृतीचे मूळ १९६७ सालच्या एका शोधात आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दावोन काँग व सायमन झी यांनी अशी ट्रान्झिस्टर-रचना मांडली, की जिच्यात चारी बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेल्या एका कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवता येतात. वीज बंद केली तरी ते तेथेच राहतात. पुढे जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी या तत्त्वावर 'फ्लॅश' स्मृती घडवली. आज एसएसडीत वापरला जाणारा तिचा 'नँड' हा प्रकार १९८७ साली जगापुढे आला.

कप्प्यात इलेक्ट्रॉन किती आहेत, यावरून माहिती वाचली जाते. एका कप्प्यात तीन बिट साठवायचे तर २ × २ × २ म्हणजे आठ वेगवेगळ्या पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात. प्रत्येक वेळी लिहिताना वा पुसताना इलेक्ट्रॉन विद्युतरोधकाच्या अतिशय पातळ थरातून जोराच्या व्होल्टेजने ढकलले जातात. त्यामुळे तो थर हळूहळू झिजतो. म्हणूनच नियंत्रक सर्व कप्पे आळीपाळीने वापरतो. परंतु स्वतः नियंत्रकच बिघडला, तर कप्प्यांतली माहिती शाबूत असूनही वाचता येत नाही. जुनी हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा खरखर करून इशारा देत असे. एसएसडी मुकाट्याने जाते. तेव्हा तिच्याबाबत पहिला नियम असा, की महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत कायम वेगळ्या ठिकाणी हवी.

आता 'खास' एसएसडीकडे वळू. याचे ठळक उदाहरण म्हणजे अॅपल कंपनीचे २०१३ ते २०१७ या काळातील मॅकबुक एअर. त्यांतील एसएसडीची पट्टी सुटी असते, मात्र तिची जोडणी कंपनीने स्वतःची ठेवली आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या एम-टू पट्टीची जोडणी वेगळी असल्याने ती तेथे बसत नाही. येथे बहुतेक जण थांबतात. परंतु आकार वेगळा म्हणजे आतली भाषाही वेगळी, असे नव्हे.

विजेच्या प्लगचे उदाहरण घ्या. परदेशातून आणलेल्या उपकरणाच्या चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत. उपकरण २३० व्होल्टवर चालणारे असेल, तर साधा प्लग-बदलक पुरतो. ते ११० व्होल्टचे असेल, तर पिना बसूनही उपकरण जळेल. म्हणजे आकार बदलणे सोपे. खरा प्रश्न आतून काय वाहते हा.

या लॅपटॉपमधील जोडणीतून 'पीसीआय एक्स्प्रेस' या सर्वमान्य पद्धतीनेच संदेश वाहतात. बाजारातील 'एनव्हीएमई' प्रकारच्या एम-टू पट्ट्याही तीच पद्धत वापरतात. म्हणून दोहोंमध्ये केवळ तारा जुळवणारा छोटा अडॅप्टर पुरतो. तो काही शे रुपयांत मिळतो. मात्र दिसायला तशाच असणाऱ्या 'साटा' प्रकारच्या एम-टू पट्ट्या येथे चालत नाहीत, कारण त्यांची भाषाच निराळी. खरेदी करताना वेष्टनावर 'एनव्हीएमई' हा शब्द आहे ना, हे पाहणे अगत्याचे आहे.

दुसरी अट संगणकाच्या आज्ञावलीची. अॅपलने २०१७ साली 'हाय सिएरा' ही आवृत्ती काढली. तेव्हापासून ही यंत्रे बाहेरच्या एनव्हीएमई पट्ट्या ओळखू लागली. त्याबरोबर यंत्राचे फर्मवेअर, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वप्रथम चालणारी आज्ञावलीही, सुधारली गेली. ही सुधारणा मूळ एसएसडी जिवंत असतानाच करून घेणे श्रेयस्कर. २०१३ व २०१४ च्या काही यंत्रांत नवी पट्टी बसवल्यावर यंत्र दीर्घ निद्रेतून जागे होताना अडकते. अशा वेळी ती निद्रा बंद ठेवावी लागते.

किती वेगाची पट्टी घ्यावी? येथे साधे गणित पैसे वाचवते. २०१३ च्या मॅकबुक एअरमध्ये एसएसडीसाठी दुसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या दोन मार्गिका आहेत. एका मार्गिकेतून सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट जातात, म्हणजे दोन्हींतून फार तर १०००. मग सेकंदाला ३५०० मेगाबाइट देणारी महागडी पट्टी घेऊन उपयोग काय? चिंचोळ्या बोळात मोटारीचा वेग वाढत नाही. कमी वेगाची, कमी वीज खाणारी स्वस्त पट्टी येथे अधिक योग्य.

या वस्तू घेण्यासाठी बोरिवली-अंधेरीकरांना लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग गाठता येतो. परंतु खरेदीपूर्वी एक प्रयोग अवश्य करावा. यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या एसएसडीवर संगणकाची प्रणाली घालून त्यावरून लॅपटॉप सुरू करून पाहावा. तो नीट चालला, तर बाकीचे यंत्र निरोगी आहे असे समजावे. यंत्र उघडायचे नसेल, तर ही बाहेरची एसएसडी कायमची वापरणे हाही उपाय आहेच. यंत्र उघडायचेच असेल, तर स्क्रूंना जुळणारी हत्यारे वापरावीत, धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी आणि आत सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. बॅटरी फुगलेली असेल, तर काम तेथेच थांबवावे.

या उपायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नव्या पट्टीने यंत्र जगते, जुनी माहिती परत येत नाही. या यंत्रांना कंपनीकडून प्रणालीच्या नव्या आवृत्त्या मिळणेही आता बंद झाले आहे. तेव्हा बँकेचे व्यवहार त्यांवर करू नयेत. लेखन, तक्ते, वर्गात चित्रफिती दाखवणे ही कामे ती उत्तम करतील. आणि २०१८ पासूनच्या मॅकबुक एअरमध्ये स्मृतीच्या चिप मुख्य पट्टिकेलाच डाखलेल्या असल्याने तेथे हा मार्ग बंद आहे.

हा शेवटचा मुद्दा केवळ तांत्रिक नव्हे. वस्तू दुरुस्त करता येईल की नाही, हे ती घडवतानाच ठरते. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, ती याच जाणिवेतून. शाळेसाठी लॅपटॉप घेताना किंमत विचारतो, तसाच आणखी एक प्रश्न आपण दुकानदाराला विचारावा : यातील स्मृती आणि बॅटरी बदलता येते का? बंद पडलेला जुना लॅपटॉप शिक्षकांच्या देखरेखीखाली वर्गात उघडून विद्यार्थ्यांना एसएसडीची पट्टी शोधायला सांगितले, तर हा प्रश्न त्यांच्याही मनात रुजेल.