सुलोचनादीदी : कोल्हापुरात घडलेली आई

4 जून 2023 रोजी मुंबईत सुलोचनादीदी गेल्या. वय 94. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले आणि जवळजवळ प्रत्येक बातमीत ‘पडद्यावरची सोज्वळ आई’ हेच शब्द आले. ते खरे आहेत, पण अपुरे आहेत. ते सोज्वळपण आभाळातून पडलेलं नव्हतं. दीदींनी ते कोल्हापुरात राबून, शिकून कमावलं होतं, आणि निदान आपण कोल्हापूरकरांनी तरी ती मेहनत विसरता कामा नये.

जन्म 30 जुलै 1928 चा, चिकोडी तालुक्यातल्या खडकलाट गावचा. निपाणीच्या बाजूचा हा सीमाभाग. बोलण्यात मराठी आणि कानडी एकमेकींत मिसळलेल्या. लग्न लहान वयातच झालं. सिनेमाचं वेड मात्र त्याही आधीचं. कोल्हापुरात मास्टर विनायकांची प्रफुल्ल पिक्चर्स होती, तिथं ही मुलगी दाखल झाली आणि 1943 च्या ‘चिमुकला संसार’मध्ये छोट्याशा कामात पहिल्यांदा पडद्यावर दिसली. त्याच कंपनीत तिच्याहून वर्षानं लहान असलेली एक मुलगी पगारावर काम करत होती, लता मंगेशकर. दोघींचं मैत्र तिथं जुळलं ते अखेरपर्यंत टिकलं.

खरं शिक्षण सुरू झालं ते दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे, कोल्हापुरातल्याच जयप्रभा स्टुडिओत. डोळे पाहून ‘सुलोचना’ हे नाव भालजींनीच दिलं. पण नुसत्या डोळ्यांवर काम भागणार नव्हतं. खेड्यातली बोली तोंडात पक्की बसलेली, आणि संवाद तर भालजींच्या ठाशीव मराठीतले. मग मोठ्यानं वाचन, उच्चारांची घोटाई. जोडीला घोड्यावर बसणं, लाठी, तलवार. जयप्रभेत पोरीबाळींनाही यातून सुटका नसे. भालजींना सगळे ‘बाबा’ म्हणत, आणि बाबांच्या शिस्तीत वेळ चुकवून चालत नसे.

गांधीहत्येनंतर 1948 मध्ये हाच स्टुडिओ जमावानं जाळला. ‘मीठभाकर’ त्या आगीत सापडला. भालजींनी कर्ज काढलं, स्टुडिओ पुन्हा उभा केला, चित्रपट पुन्हा चित्रित केला. विशीतल्या सुलोचनाबाईंनी हे सगळं जवळून पाहिलं. जळालेलं काम मुकाट्यानं दुसऱ्यांदा करणाऱ्या माणसांच्या घरात त्या घडल्या. पुढे त्यांच्या आईच्या भूमिकांत रडण्यापेक्षा सोसून उभं राहणं जास्त दिसतं. त्याचं मूळ मला याच दिवसांत दिसतं.

शांताराम आठवल्यांच्या ‘वहिनींच्या बांगड्या’ने 1953 मध्ये त्या घराघरांत पोचल्या. मूळ कथा य. गो. जोशींची. धाकट्या दिराला पोटच्या पोरासारखं वाढवणारी ती वहिनी वयानं आई नव्हे, मनानं आई होती. आणि मग 1963 चा ‘मोलकरीण’. स्वतःच्याच मुलाच्या घरी मोलकरीण म्हणून राबणारी आई. त्यात दीदी हात जोडून फारशी गयावया करत नाहीत. डोक्यावरचा पदर सावरायचा, नजर खाली, पाठ मात्र ताठ. नातवाला निजवायचं, पण आजी म्हणून घ्यायचं नाही. आशा भोसल्यांच्या आवाजातलं तिथलं गाणं ऐकताना लक्ष राहतं दीदींच्या चेहऱ्यावर. आमच्या आजीला गोष्ट तोंडपाठ होती. तरी थेटरात जायचं म्हटलं की ती आधी विचारायची, “सुलोचनाबाई हाईत न्हवं पिक्चरमधी? मग चला.”

पुढच्याच वर्षी भालजींच्या ‘मराठा तितुका मेळवावा’त त्या जिजाऊ झाल्या. मोलकरणीचा पदर आणि जिजाऊंचा पदर, बाई तीच. पण बोलण्याची धार बघा. जयप्रभेत घोटलेलं मराठी तिथं कामाला आलं. जिजाऊ म्हटलं की आजही जुन्या कोल्हापूरकरांच्या डोळ्यांपुढे तीच मूर्ती येते.

हिंदीनं मात्र त्यांना फार लवकर आई केलं. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त (1959) त्या आईच्या भूमिकेत आल्या तेव्हा तिशीच्या आसपास होत्या. ‘जॉनी मेरा नाम’मध्ये (1970) देव आनंदची आई, देव आनंद प्रत्यक्षात त्यांच्याहून 5 वर्षांनी मोठे! दुर्गा खोटे, लीला चिटणीस, ललिता पवार, सुलोचना, नंतर रीमा लागू : हिंदी सिनेमानं आपल्या आया किती मराठी घरांतून नेल्या, याचा हिशेब कुणी नीट मांडायला हवा. एके काळी नायिका असलेल्या बाईला तिशीतच केस पांढरे करावे लागले, हे मला आजही खटकतं. दीदींनी त्याचं रडगाणं केलं नाही. मराठी आणि हिंदी मिळून अडीचशेहून अधिक चित्रपट केले.

घरातली आई होणं मात्र पडद्याइतकं सोपं नव्हतं. मुलगी कांचन डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या प्रेमात पडली. ते विवाहित, रंगभूमीवरचे लोकप्रिय नट आणि जवळपास दीदींच्याच वयाचे. दीदींचा विरोध वर्षानुवर्षं टिकला. अखेर लग्न झालं आणि 1986 मध्ये काशिनाथ अमरावतीत अचानक गेले. कांचन घाणेकरांनी ‘नाथ हा माझा’मध्ये हे सगळं मोकळेपणानं लिहिलं आहे. 2018 मध्ये काशिनाथांच्या आयुष्यावर ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ हा चित्रपट आला. त्यात सोनाली कुलकर्णीनं दीदींचं काम केलं, तेव्हा दीदी नव्वदीच्या होत्या. पडद्यावरच्या आयांना तीन तासांत उत्तर सापडतं. या आईला लेकीसाठी काळजीही करावी लागली, हट्टही धरावा लागला आणि शेवटी तिच्या पाठीशी उभंही राहावं लागलं. मला ती सोज्वळ मूर्तीहून मोठी वाटते.

मानसन्मान आले. 1999 मध्ये पद्मश्री, नंतर महाराष्ट्र भूषण.

2022 मध्ये जयप्रभेच्या जागेच्या विक्रीची बातमी फुटली, तेव्हा कोल्हापूरचे कलाकार, तंत्रज्ञ, जुने कामगार स्टुडिओच्या दारात विक्रीविरोधात आंदोलनाला बसले. त्यांचं म्हणणं रास्त होतं आणि आहे. त्या आवारात पुढे काहीही होवो, दर्शनी भिंतीवर भालजीबाबांच्या हाताखाली शिकलेल्या माणसांची नावं लागली पाहिजेत, आणि खडकलाटहून आलेल्या या मुलीचं नाव त्यात पहिल्या ओळीत हवं.