खडकावरचें नगर : व्हॅलेटा

माल्टा बेटाची राजधानी नकाशावर शोधावयाची असल्यास सिसिलीच्या दक्षिणेस भूमध्यसमुद्रांत बोट ठेवावें. दोन खोल बंदरांच्या मध्यें जिभेप्रमाणें पुढें आलेल्या शिबेरास नांवाच्या टेकडीवर व्हॅलेटा नगर वसलें आहे. लांबी सुमारें एक किलोमीटर. त्या खडकावर ना नदी, ना शेत, ना भरंवशाचा झरा. मग असल्या ठिकाणीं राजधानी वसविण्याची बुद्धि कोणास व कां झाली?

बंदिवान पौलाचें तारूं ज्या किनाऱ्यावर फुटलें तो माल्टाचाच, असें तेथील लोक परंपरेनें मानतात. पावसांत भिजलेल्या त्या परक्यांसाठीं बेटकऱ्यांनीं शेकोटी पेटविली, हें वर्णन वाचकांनीं प्रेषितांच्या कृत्यांत वाचलें असेलच. त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ बांधलेलें एक देऊळ व्हॅलेटांत आहे. परंतु खुद्द नगराचा जन्म त्यानंतर सुमारें पंधराशें वर्षांनीं झाला.

संत योहानाच्या नांवाचा सरदारांचा एक धार्मिक पंथ होता. रोगी व यात्रेकरू यांची शुश्रूषा हें त्याचें मूळ व्रत; पुढें त्यानें तरवारही हातीं धरली. १५२२ सालीं तुर्कांनीं त्यांच्याकडून ऱ्होड्स बेट घेतलें, आणि १५३० सालीं पांचव्या चार्ल्स बादशहानें त्यांस माल्टा दिलें. खंड काय, तर वर्षास एक ससाणा! १५६५ च्या मे महिन्यांत सुलतान सुलेमानाचें आरमार येऊन थडकलें. शिबेरासच्या टोकाशीं सेंट एल्मो नांवाचा लहानसा किल्ला होता. बाकी टेकडी मोकळीच होती. तुर्कांनीं तिच्यावर तोफा चढवून किल्ला भाजून काढला. चार दिवसांत पडेल असें वाटलेला तो किल्ला सुमारें एक महिना लढला व २३ जून रोजीं पडला. तो महिना तुर्कांस फार महाग पडला. सप्टेंबरांत सिसिलीहून कुमक येतांच त्यांनीं वेढा उठविला.

जय मिळाला खरा, पण बेट उजाड झालें होतें, आणि तें सोडून जावें असेंही कित्येक सरदारांस वाटूं लागलें. पंथाचा मुख्य ज्याँ द व्हॅलेट हा त्या वेळीं वृद्ध झालेला होता. त्यानें ओळखलें कीं, ही टेकडी रिकामी आहे तोंवर जो ती घेईल त्याच्या हातीं बंदराची किल्ली. म्हणून २८ मार्च १५६६ रोजीं तेथें नगराचा पाया घालण्यांत आला. पोपानें लापारेल्ली नांवाचा इटालियन शिल्पज्ञ पाठविला. १५६८ सालीं व्हॅलेट वारला तेव्हां नगर अपुरेंच होतें. नांव मात्र त्याचेंच राहिलें.

लापारेल्लीनें रस्ते दोरीनें आंखल्यासारखे सरळ केले. उतार फार असल्यामुळें कांहीं रस्ते पायऱ्यांचेच आहेत. पण आम्हांस सर्वांत विचार करण्यासारखी वाटते ती पाण्याची व्यवस्था. प्रत्येक घरधन्यानें घराखालीं हौद खोदलाच पाहिजे, असा नियम होता. खोदून निघालेला दगड भिंतींस लागे, आणि उरलेल्या खड्ड्यांत गच्चीवरचें पावसाचें पाणी सांठे. दुष्काळी मुलुखांतील वाचकांस ह्या नियमाचें मोल समजावून सांगावयास नको. वस्ती वाढल्यावर तेंही पुरेना, तेव्हां विन्याकूर या मुख्यानें बेटाच्या आंतील भागांतून पाट आणविला. तो १६१५ सालीं पुरा झाला.

पंथाचें रुग्णालयही पाहण्याजोगें आहे. त्याचा मोठा दिवाणखाना सुमारें १५५ मीटर लांब असून तेथें रोग्यांस चांदीच्या ताटांत अन्न वाढीत. १७९८ सालीं नेपोलियननें बेट घेतल्यावर ती चांदी वितळविण्यांत आली. सेंट जॉनच्या देवळांत काराव्हाज्जोनें १६०८ सालीं काढलेलें योहानाच्या शिरच्छेदाचें चित्र आहे. चित्रकारानें आपली सही योहानाच्या रक्तांतच केली आहे.

१८०० सालीं बेट इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. १८७८ सालीं रशियास धाक दाखविण्यासाठीं हिंदुस्थानांतून सुमारें ७,००० फौज माल्टास नेली, व तींत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. १९४२ सालीं विमानांच्या माऱ्याखालीं बेटावर उपासमारीची वेळ आली. ऑगस्टांत अन्न व तेल घेऊन निघालेल्या १४ जहाजांपैकीं ५ च पोहोंचलीं. शेवटचें ‘ओहायो’, चाळण झालेलें, दोन्ही बाजूंस बांधलेल्या लढाऊ जहाजांच्या आधारानें १५ ऑगस्ट रोजीं बंदरांत शिरलें.

१९६४ सालीं माल्टा स्वतंत्र झालें. बाँबनें पडलेलें नाटकगृह पूर्ववत् बांधलेंच नाहीं. खांबांचे अवशेष ठेवून २०१३ पासून तेथें उघड्या आकाशाखालीं प्रयोग होतात. बंदरावरच्या जुन्या तोफखान्यांत मात्र अजूनही दुपारीं बारा वाजतां तोफ उडते. पूर्वी तिच्यावरून जहाजांचे कप्तान आपलीं घड्याळें लावीत.