नाणी मिळून वाचावीत

नाणं म्हटलं की गोल चकती डोळ्यांसमोर येते. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी कोकणच्या बंदरांत चालणारं एक नाणं गोल नव्हतं, चौकोनीही नव्हतं. ती होती चांदीची तार. तार मध्ये दुमडायची, दोन्ही पदर जुळवायचे, ठोकून थोडे चपटे करायचे आणि दोन्ही बाजूंनी ठसा मारायचा. वजन पाच ग्रॅमच्या आतबाहेर. मासे पकडायच्या गरीसारखं दिसणारं हे नाणं म्हणजे लारी. इराणच्या दक्षिणेतल्या लार शहरातून ती निघाली आणि आखातापासून मालदीव-श्रीलंकेपर्यंत व्यापारी ती बिनदिक्कत घेऊ लागले, कारण चांदी खरी होती. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीनेही लाऱ्या पाडल्या आणि त्यांवर दाभोळचं नाव घातलं. दाभोळ म्हणजे वाशिष्ठीच्या मुखावरचं बंदर, सिंधुदुर्गातल्या मिठबावहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला गेलं की लागणारं.

या लारीचं खरं नवल पुढेच आहे. ठसा रुंद आणि तार अरुंद. त्यामुळे एका लारीवर अक्षरांचा जेमतेम एक पट्टा उमटतो. कुठे सुलतानाच्या नावाचा तुकडा, कुठे सालाचा एखादा आकडा. एकच लारी हातात असेल तर काहीच धड लागत नाही. पण दहा-वीस लाऱ्या शेजारीशेजारी मांडल्या की हिच्यावर सुटलेलं अक्षर तिच्यावर सापडतं आणि हळूहळू अख्खा मजकूर जुळून येतो. मला तर नाणी जमवण्याच्या सगळ्या छंदाचं मर्म इथेच दिसतं. एकट्या नाण्यावर बहुतेक वेळा अर्धंच वाक्य असतं. उरलेलं अर्धं दुसऱ्या नाण्यावर असतं, आणि ते पुष्कळदा दुसऱ्याच्या घरात असतं.

शिवराईचंही तसंच. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या राज्याची नाणी दोन, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरं, तीही देवनागरीत. आसपासच्या दरबारांची नाणी फारसीत बोलत होती त्या काळात हे घडलं. तांब्याचा तुकडा ठशावर ठेवायचा आणि वरून हातोडा हाणायचा, अशी ही हातची टांकसाळ. तुकडा ठशापेक्षा लहान, त्यात जरा सरकला की ‘श्री’ गळायची किंवा ‘शिव’ काठाबाहेर जायचा. ठसे कोरणारे हातही अनेक, म्हणून कुठे इकार ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे अक्षराचं वळणच निराळं. हजारो शिवराया ताडून पाहिल्या तेव्हाच अभ्यासकांना त्यांचे प्रकार लावता आले. महाराजांनंतरही शिवराई पाडली जात राहिली आणि एकोणिसाव्या शतकातही ती बाजारात चालत होती. एखाद्या नाण्याला इतकं आयुष्य क्वचितच लाभतं.

आता मिठबावसारख्या गावातल्या जुन्या घरात काय सापडू शकतं ते पाहू. देव्हाऱ्यातला पितळी डबा, माजघरातला हडपा, आजीच्या लुगड्याच्या घडीतली पुरचुंडी. या किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला चाकरीला गेली, दक्षिणेला गोव्याशी त्यांची सोयरीक आणि व्यवहार राहिला. त्यामुळे इथल्या एका डब्यात तीन-चार राजवटी सुखाने नांदताना दिसल्या तर नवल नको.

सगळ्यांत ओळखीचा तो राणीछाप रुपया, लक्ष्मीपूजनाच्या ताटात हमखास असणारा. १८३५ पासून कंपनी सरकारने सगळीकडे एकसारखा रुपया सुरू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच बरोबर एक तोळा. सोनाराच्या तराजूत रुपयाच वजन म्हणून पडत असे तो यामुळे. कंपनीचं नाव गेलेला राणीचा रुपया १८६२ पासूनचा. पण त्यावर १८६२ लिहिलंय म्हणून तो त्याच साली पाडला असं समजू नका. १८७४ पर्यंत टांकसाळी तेच साल ठशावर ठेवत राहिल्या. मुंबईच्या टांकसाळीने मात्र सालाखाली बारीक ठिपके देऊन खऱ्या वर्षाची खूण ठेवली. भिंगाखाली ते ठिपके मोजले की एकाच चेहऱ्याचे दोन रुपये वेगवेगळ्या वर्षांचे निघतात.

पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची कथा तर ऐकण्यासारखी आहे. राजाच्या अंगावरच्या झग्यात एक छोटा हत्ती कोरला होता. त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो डुक्कर वाटला. राजाच्या छातीवर डुक्कर! ओरड झाली, नाणी मागे घेऊन वितळवली गेली आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीला नीट सोंड मिळाली. नखापेक्षाही लहान चित्रातल्या एका रेघेपायी साम्राज्याला ठसा बदलावा लागला.

भोकाचा पैसा हा दुसऱ्या महायुद्धाचा साक्षीदार. धातूची टंचाई होती, म्हणून १९४३ पासून पैशाला मध्ये मोठं भोक पाडून तांबं वाचवलं. त्याच काळात रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. मुलांना हे दाखवायचा सोपा उपाय म्हणजे लोहचुंबक. १९४७ चा रुपया चुंबकाला चिकटतो, कारण शुद्ध निकेल चिकटतं. १९७५ ते १९९१ मधला रुपया चिकटत नाही, कारण तो तांबं-निकेलच्या मिश्रणाचा. १९९२ पासूनचा पोलादी रुपया पुन्हा चिकटतो. एका चुंबकाने देशातल्या धातूंचा सगळा चढउतार पोरांच्या हातात येतो.

गोव्याकडची नाणी निघाली तर हिशेबच वेगळा. पोर्तुगीज गोव्यात १ रुपिया म्हणजे १६ टांगा. १८८१ आणि १८८२ सालांचा गोव्याचा चांदीचा रुपिया पाहावा. त्यावर पोर्तुगालचा राजा लुईश आहे, पण नाणं पाडलं ते इंग्रजांच्या कोलकात्याच्या टांकसाळीत. दोन साम्राज्यांमधला करार तुमच्या तळहातावर येतो. पुढे १९५८ मध्ये रुपियाऐवजी एस्कुदो आला आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर तोही इतिहासजमा झाला.

आणि आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ? तिच्या सोन्याच्या चकत्यांचं मूळ थेट व्हेनिसमध्ये आहे. व्हेनिसच्या डुकाट नाण्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख असे. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं हे नाणं १२८४ पासून १७९७ पर्यंत निघत राहिलं आणि समुद्रमार्गे आपल्याकडे आलं. आपल्या सोनारांनी त्यावरून पुतळ्या घडवल्या आणि ती माणसं आपलीशी करून टाकली.

१ एप्रिल १९५७ ला आण्यांचा काळ संपला. ६४ पैशांच्या रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पावली आणि अधेली सरळ २५ आणि ५० झाल्या, पण एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, म्हणून काही वर्षं दुकानदारांची आणि गिऱ्हाइकांची चांगलीच तारांबळ उडाली. १ जून १९६४ ला ‘नवा’ शब्द गळाला. या बदलाचा कायदा १९५५ चा, आणि तेव्हा अर्थमंत्री होते महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख. हेच देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. षष्ठ जॉर्जचं चित्र असलेल्या जुन्या नोटेवर त्यांची सही दिसली, तर ती कोकणच्या माणसाची सही आहे हे मुलांना जरूर सांगा.

नोटांचं वाचन आणखी निराळं. एक रुपयाची नोट आधी हातात घ्या. ती रिझर्व्ह बँकेची नाही, भारत सरकारची आहे. म्हणून तिच्यावर गव्हर्नरची सही नाही, अर्थ सचिवाची आहे आणि ‘अदा करण्याचे वचन’ही नाही. ही नोट जन्मली ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, पहिल्या महायुद्धात चांदी अपुरी पडली म्हणून. पाठोपाठ २ जानेवारी १९१८ ला अडीच रुपयांचीही नोट निघाली होती. त्याआधीच्या काळात मोठी नोट टपालाने पाठवायची तर ती मधोमध कापत. आधी एक तुकडा धाडायचा, तो पोचल्याचा निरोप आला की दुसरा. दोन्ही अर्ध्यांवर नंबर असल्यामुळे तिकडे जोडून पैसे मिळत. वाटेत चोराच्या हाती अर्धी नोट लागली तरी ती निरुपयोगी.

आजच्या नोटेवरही वाचायला पुष्कळ आहे. मागच्या बाजूच्या भाषांच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत. तीत कोकणी आणि मराठी दोघीही आहेत, मध्ये फक्त मल्याळम. नंबरात तारा दिसला तर ती नोट छपाईत बाद झालेल्या नोटेच्या जागी घातलेली आहे. ही पद्धत २००६ पासूनची. जुन्या नोटेच्या डाव्या कडेला बारीक भोकं दिसली तर ती बँकेतल्या पिनांची. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने गड्ड्यांना पिना मारायला मनाई केली. खिशातल्या नाण्यावर सालाखाली पाहा. हिऱ्याचा आकार असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता.

आता नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाकडे वळू. छंद एकट्याने सुरू होतो, पण ज्ञान चारचौघांत होतं, याचा सर्वांत भव्य पुरावा नाशिक जिल्ह्यात आहे. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सुमारे १३,२५० नाण्यांचा. नाणी क्षत्रप नहपानाची होती, पण त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. पराभूत राजाची नाणी न वितळवता त्याच्याच चेहऱ्यावर आपली मुद्रा! नाशिकच्या लेण्यातला शिलालेख गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, नाश केल्याचं सांगतो आणि ही नाणी त्याला दुजोरा देतात. यातली चार-दोन नाणी सुटी विकली गेली असती तर ती एक गंमत ठरली असती. दहांतली सात नाणी पुन्हा ठोकलेली आहेत हे कळलं ते साठा एकत्र राहिला म्हणून.

घरातला डबा हा तसाच एक छोटा साठा आहे. म्हणून तो फोडू नका. भावाभावांत वाटायचा झाला तरी आधी सगळ्या नाण्यांची यादी करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कोणतं नाणं कुठल्या डब्यात होतं ते लिहा. मिठबावच्या मुलांनी शाळेत किंवा वाचनालयात महिन्यातून एकदा जमून नाणी शेजारीशेजारी मांडली, तरी मंडळ सुरू झालं. त्याला एक भिंग, एक चुंबक, एक लहान काटा आणि एक वही पुरते.

काही पथ्यं मात्र पाळायला हवीत. चिंच, राख, रांगोळी किंवा पितांबरी नाण्याला लावू नका. तांब्यावरचा गडद थर त्याचं रक्षण करतो. तो घासला की अक्षरंही झिजतात. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवी भुकटी धरते, म्हणून नाणी कोरडी ठेवा, कडेने धरा, आणि मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात कोंडू नका. नोटा लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. दमट हवा आणि कसर यांपासून जपा.

कायदाही माहीत असावा. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी परदेशी नेता येत नाहीत. २०१६ मध्ये बाद झालेल्या ५०० आणि १,००० च्या नोटा एकूण १० पर्यंतच बाळगता येतात. अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी २५ पर्यंत. आणि जुन्या नोटेला लाखो रुपये देतो असं सांगून आधी शुल्क मागणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या या फसवणुकीबद्दल बँकेने स्वतः २०२१ मध्ये सावध केलं आहे.

मुंबईला गेलात तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय पाहा. नाशिकला गेलात तर अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि तिथलं संग्रहालय पाहा. पण सुरुवात गावातच करा. चतुर्थीला चाकरमानी घरी येतात तेव्हा वडीलधाऱ्यांना विचारा की हे नाणं कुणी आणलं, कुठून आणि कशाच्या मोबदल्यात. नाण्यावर कोरलेलं आणखी शंभर वर्षांनीही वाचता येईल, पण ही माहिती फक्त आजीआजोबांकडे आहे. म्हणून ती वही याच वर्षी उघडा.