हौद्याच्या फळ्या

गेल्या हिवाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आले होते. बाहेर बर्फ, आम्ही दोघं नोकरीवर, नातू शाळेत. कराडजवळ चाळीस वर्षं ट्रकच्या बॉड्या बांधलेला माणूस दिवसभर सोफ्यावर बसून खिडकीबाहेर बघत राहायचा. एकदा म्हणाले, "तुझ्या घरात एक खिळा ठोकायचा शिल्लक न्हाई." ते काही कौतुक नव्हतं.

मला गाड्यांची छोटी मॉडेल्स करायचा छंद आहे. अण्णा ज्या गाडीवर हात शिकले, तो टाटा-मर्सिडीज ट्रक १:२४ प्रमाणात करायचं मी ठरवलं. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या सहकार्यानं ट्रक काढायला सुरुवात केली. तो करार पंधरा वर्षं चालला, म्हणून त्या काळच्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा दिसतो. कंपनीकडून यायची ती चॅसी, इंजिन आणि पुढचं नाक. मागचा हौदा आणि बहुतेकदा केबिनसुद्धा गावोगावचे सुतार लाकडात बांधायचे.

मॉडेलमध्ये अशा ठिकाणी सहसा प्लॅस्टिकच असतं. साच्यातच लाकडाच्या रेषा उठवलेल्या असतात, वरून तपकिरी रंग द्यायचा. अलीकडे बरेच हौशी लोक तिथे लेझरनं कापलेलं खरं लाकूड बसवतात. दुसऱ्या महायुद्धातल्या ट्रकवर हे विशेष दिसतं. अमेरिकेच्या जीएमसी ट्रकचंच बघा. तसे साडेपाच लाखांहून जास्त ट्रक तयार झाले आणि युद्धात पोलाद वाचवायचं म्हणून त्यातल्या अनेकांना लाकडी हौदे बसवले गेले. इंग्लंडची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर हे दुसरं उदाहरण. तिच्या मागच्या भागाचा अ‍ॅश लाकडाचा सांगाडा शोभेचा नव्हे, गाडीचा भार पेलणारा होता. अशा गाडीला तपकिरी रंग फासणं जिवावर येतं.

काम ऐकायला सोपं आहे. कॉम्प्युटरवर प्रत्येक फळीचं चित्र काढायचं. इंचभर जाडीची फळी १:२४ मध्ये जेमतेम १ मिलिमीटर होते, सहा इंच रुंदीची साधारण ६ मिलिमीटर. आमच्या गावच्या लायब्ररीत लेझरचं यंत्र आहे. पातळ पत्र्यासारखं लाकूड त्यात ठेवलं की किरण रेघेवरून फिरतो आणि तिथलं लाकूड जाळत जातो. कापाची रुंदी मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा. इतकं बारीक काम करवतीनं होणं कठीण.

अण्णांना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून मी मुद्दाम सागाचा पातळ थर मागवला. खरा हौदा, खरं सागवान! रात्री जागून जोडला आणि सकाळी चहाबरोबर त्यांच्यापुढे ठेवला.

अण्णांनी चष्मा लावला. एक फाळका उघडला आणि बोटानं हलकेच दाबला. तो मोडला.

"आडव्या रेषेची फळी लावलीस व्हय? मोडंल न्हाई तर काय!"

लेझरला लाकडाच्या रेषा कळत नाहीत. तो उभा-आडवा सारख्याच सफाईनं कापतो. लाकूड वाया जाऊ नये म्हणून मी सगळे भाग जागा मिळेल तसे दाटीवाटीनं मांडले होते. निम्म्या फळ्यांच्या रेषा लांबीला समांतर नव्हत्याच.

दुसरी चूक मला त्याहून लागली. "ह्यो साग न्हवं, ओंडका दिसतोय," अण्णा म्हणाले. खरंच होतं. लाकूड कापून लहान होतं, त्याच्या रेषा लहान होत नाहीत. मिलिमीटरभर रुंदीची रेष चोवीसपट मोठी केली की जवळजवळ इंचभर होते. अशी फळी कुठल्याच ट्रकवर नसते. छोट्या ट्रकवर साग सागासारखा दिसायला हवा असेल, तर साग वापरून चालत नाही. बासवुड किंवा नासपतीचं, ज्याच्या रेषा डोळ्याला जेमतेम दिसतात असं लाकूड घ्यावं लागतं आणि त्यावर सागाचा रंग पातळ करून चढवावा लागतो.

मग काम अण्णांच्या ताब्यात गेलं. मी कॉम्प्युटरवर भाग मांडायचो, ते शेजारी बसून रेषांची दिशा सांगायचे. धुराचे डाग पडू नयेत म्हणून कापण्याआधी लाकडावर कागदी चिकटपट्टी लावायची, हे मी त्यांना शिकवलं. जळक्या काळ्या कडा बारीक पॉलिशपेपरनं किती घासायच्या, हे त्यांनी मला. दोन फळ्यांमधली कड थोडी काळी ठेवली की फट खरी वाटते. पांढऱ्या डिंकातल्या पाण्यानं पातळ फळी वाकते, म्हणून तो अगदी कमी घ्यायचा आणि वर वजन ठेवायचं. प्लॅस्टिकच्या चॅसीला मात्र तो धरत नाही. तिथे सुपरग्लू लागतो, आणि तो लाकडावर सांडला की डाग पडतो आणि रंग तिथे चढत नाही. म्हणून आधी रंग, मग जोडणी.

हौद्याखालच्या आडव्या तुळया मी चार काढल्या होत्या. अण्णांनी सहा करायला लावल्या. "कुणाला दिसणार आहेत त्या?" मी विचारलं.

"उसाची गाडी हाय ती. चारांवर हौदा बसंल खाली."

संध्याकाळी नातू शाळेतून आला की दप्तर टाकून थेट गॅरेजमध्ये जायचा. त्याचं मराठी इतकं तोडकं की एरवी आजोबा-नातवात 'जेवलास का'च्या पुढे बोलणं जात नसे. आता तो फाळका, हौदा, रंधा, गुण्या हे शब्द बिनचूक वापरतो. यातले दोन मलाही आठवत नव्हते.

मे महिन्यात अण्णा परत गेले, ते पुढचं काम नेमून देऊन. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला निघालेली एसटीची पहिली गाडी करायची आहे. लाकडी बॉडी आणि वर कापडी छप्पर. जुन्या फोटोवरून मापं काढणं चालू आहे. दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर नातू फळीचा तुकडा कॅमेऱ्यापुढे धरतो आणि विचारतो, "आजोबा, रेषा बरोबर आहे?"

तिकडून अण्णा चष्मा शोधायला उठतात.