एपिसोडचं लिखाण: संगीत नाटक, तेही म्यूटवर

फुलंब्रीहून बोलतोय. आपल्या गावाचं नाव आडनावात असलेले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर संगीत नाटकांत गायचे. आता समजा, तसलं एखादं नाटक तुम्ही मोबाइलवर लावलं आणि आवाज म्यूट केला. बघाल का?

लोकांनी बघितलंय! १८ मे १९१२, मुंबईचं कॉरोनेशन थिएटर. सिनेमा होता 'श्री पुंडलिक'. नाशिकच्या श्रीपाद संगीत मंडळीचं नाटक दादासाहेब तोरणेंनी कॅमेऱ्यात उतरवलं होतं. वय फक्त २२!

आधी कॅमेरा एका जागी ठेवून शूटिंग केलं. ते काही जमलं नाही. मग तुकड्या-तुकड्यांत शूट करून जोडलं. 'वन्स मोअर' घेत रात्र रात्र रंगणारी संगीत नाटकं, आणि इथे हातात आली जेमतेम २२ मिनिटं. पदं गेली, संवाद गेले.

मग लोकांना कळलं कसं? माझ्या इंजिनिअर डोक्याला हे कम्प्रेशन वाटतं. फाइल लहान चालते, कारण उलगडायची किल्ली समोरच्याकडे आधीच असते. पुंडलिक, आईवडील, वीट, विठोबा: गोष्ट घराघरात पाठ. गाळलेलं प्रेक्षक मनातच भरून घ्यायचे. हॉलिवूडनेही १९२६ मध्ये 'आयरीन' या संगीत नाटकावर विनोदी मूकपट काढला. पण नवी गोष्ट असली की पडद्यावरच्या पाट्या आणि अभिनय, यांवरच सगळा भार येतो.

मग पहिला सिनेमा फाळकेंचा का म्हणतात? 'राजा हरिश्चंद्र' त्याच थिएटरमध्ये ३ मे १९१३ ला लागला, म्हणजे जवळपास वर्षभराने. पण तोरणेंचा सिनेमा म्हणजे नाटकाचं चित्रण, कॅमेरामन परदेशी आणि फिल्म धुतली लंडनला, असा आक्षेप घेतात. मला वाटतं, तुकडे जोडायचं ठरलं तिथेच ते नुसतं चित्रण राहिलं नाही. दाखवायला प्रिंट मात्र उरलेली नाही, म्हणून वाद मिटत नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. १९३१ मध्ये पहिला बोलपट 'आलम आरा' आला. त्याचं आवाज रेकॉर्ड करायचं मशीन पुरवलं कोणी? तोरणेंच्याच कंपनीने! ज्यांनी नाटक मुकं केलं, त्यांनीच सिनेमाला गळा मिळवून दिला.

तुम्ही आता वाचताय तेही म्यूटच आहे हं. ऑडिओ ऐका, आणि घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी ऐकलेलं नाट्यपद कोणतं? मला कळवा. भेटू!