गोळी अडवणारी खिडकी घेताना

कापूरहोळ फाट्यावर, पुणे-सातारा हायवेला लागून कुणाची सराफी पेढी किंवा पंपाचं कॅश काउंटर असेल, तर हे जरूर वाचा.

नुसती जाड काच गोळी अडवत नाही. काचेच्या थरांमध्ये चिवट प्लास्टिकचे थर लागतात. बाहेरची कडक काच गोळीचं टोक चेपते, मागचे थर तिचा जोर जिरवतात. पण गोळी अडली तरी आतल्या बाजूने काचेच्या बारीक कपच्या उडतात, थेट कॅशियरच्या डोळ्यांवर! म्हणून आतून पॉलिकार्बोनेट लावलेलीच घ्या. युरोपच्या ईएन 1063 मानकात अशा, कपच्या न उडणाऱ्या काचेवर ‘एनएस’ शेरा असतो. त्यातच बीआर4 हा दर्जा दणकट रिव्हॉल्व्हरसाठी, बीआर5 पासून पुढे रायफलसाठी.

वजन आधी मोजा. 40 मिलिमीटर काच म्हणजे चौरस मीटरला 100 किलो. साधी ॲल्युमिनियमची चौकट ते पेलणार नाही. पॉलिकार्बोनेट निम्म्या वजनाचं, पण ओरखडे पटकन पडतात. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, थिनर अजिबात नाही.

पुरंदर किल्ल्याच्या तटातल्या जंग्या, म्हणजे मारा करायच्या फटी बघा, किती अरुंद! खिडकीही गरजेपुरतीच ठेवा, आणि कडा पक्क्या सील करून घ्या. आपल्याकडच्या पावसात ओल शिरली की थर सुटायला लागतात.