नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के नव्हेत

सीईटीचा निकाल लागला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, नव्वद पडले. म्हणजे दोनशेपैकी एकशेऐंशी ना?" कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना हा प्रश्न मी दरवर्षी ऐकते. त्याच्या पाठोपाठ आणखी काही ठाम विधानं येतात. बारावीला आता काही अर्थ नाही. बोर्ड गुणांची खिरापत वाटतं, खरं मेरिट सीईटीतच दिसतं. अमेरिकेने तर असल्या परीक्षा बंदच करून टाकल्या. मुलांच्या पुढच्या चार वर्षांचा निर्णय ज्या आकड्यांवर होतो, ते आकडे कसे तयार होतात हे घरोघरी कळायला हवं, म्हणून हा लेख.

"नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के"

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाची परीक्षा दोनशे गुणांची असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. पण निकालपत्रावरचा आकडा या दोनशेतला नसतो. तुमच्या सत्रात परीक्षा दिलेल्या दर शंभर मुलांपैकी किती जण तुमच्याइतक्या किंवा तुमच्याहून कमी गुणांवर थांबले, एवढंच तो सांगतो. समजा, एका सत्रात ४०,००० मुलं बसली. तुमच्या मुलीला १२० गुण पडले आणि १२० किंवा त्याहून कमी गुण मिळवणारी ३६,००० मुलं निघाली. तिचे पर्सेंटाइल झाले ९०, पण टक्के साठच. दुसऱ्या सत्राचा पेपर सोपा निघाला, तर तिथे याच नव्वदसाठी १४० गुण लागू शकतात.

हा खटाटोप कशासाठी? २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर होते. सगळ्यांना एकाच वेळी बसवता येईल इतके संगणक नसल्यामुळे ती अनेक दिवस, अनेक सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. तेव्हा अवघड पेपर वाट्याला आलेल्या मुलांवर अन्याय होऊ नये म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी करायची आणि मग सगळ्या सत्रांची एक यादी लावायची, अशी ही पद्धत आहे. तिच्या पोटात एक गृहीतक आहे: सगळ्या सत्रांत हुशार आणि साधारण मुलांचं प्रमाण जवळपास सारखंच असेल. हजारो मुलं विनाक्रम वाटलेली असली की हे बऱ्यापैकी खरं ठरतं. म्हणूनच प्रत्येक सत्रात पहिल्या आलेल्याला १०० पर्सेंटाइल मिळतात, मग त्याला दोनशेपैकी दोनशे पडलेले असोत वा नसोत. मात्र पेपरच सदोष निघाला तर हे गणित काही वाचवू शकत नाही. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकले आणि त्या सत्रातल्या मुलांची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली.

आणखी एका जागी पालक हमखास अडखळतात. मुलाला भौतिकशास्त्रात ९०, रसायनशास्त्रात ९२ आणि गणितात ९१ पर्सेंटाइल आहेत, मग एकूण ९४ कसे? बेरीज चुकली का? बेरीज चुकलेली नाही, कारण बेरीज केलेलीच नसते. एकूण पर्सेंटाइल तिन्ही विषयांची सरासरी काढून येत नाहीत, तर एकूण गुणांवरून नव्याने काढले जातात. एखाद्या विषयात पुढे असणारी मुलं बरीच असतात, तिन्ही विषयांत एकसारखी पुढे असणारी थोडी. त्यामुळे अशा मुलाचं स्थान एकूण यादीत वर जातं. उलटही होतं: गणित कच्चं असेल तर बाकीचे दोन विषय उत्तम असूनही एकूण आकडा घसरतो, कारण दोनशेतले शंभर गुण एकट्या गणिताकडे आहेत.

"बारावीला आता काही किंमत नाही"

प्रवेशाच्या यादीपुरतं बोलायचं तर यात बरंच तथ्य आहे. राज्यात अभियांत्रिकीला जायचं तर बारावीत भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा ठरवून दिलेला विषय मिळून ४५ टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४०. तेवढा उंबरठा ओलांडला की पुढे क्रम लागतो सीईटीवरच. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटची तऱ्हाही तीच आहे: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, मग सगळा भार प्रवेश परीक्षेवर. पण जेईईतून प्रवेश मिळणाऱ्या आयआयटी आणि एनआयटीसाठी बारावीत ७५ टक्के लागतात, किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. जेईईत उत्तम क्रमांक आणि बारावीत बहात्तर टक्के, अशा मुलाच्या घरी जून महिना कसा जातो ते मी पाहिलं आहे. तोपर्यंत त्या 'किंवा'पुढची अट घरातल्या कोणीच वाचलेली नसते.

दोन्ही आकडे एकत्र करून पाहण्याचे प्रयोगही आपल्याकडे झालेत. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावी आणि जेईई मेन यांना निम्मं-निम्मं वजन दिलं. कागदावर ही कल्पना निर्दोष वाटते. अडचण आली ती अशी की देशात बोर्डं अनेक आणि प्रत्येकाचा हात वेगळा, कुणाचा सैल तर कुणाचा आखडता. त्यामुळे सगळ्या बोर्डांचे गुण आधी एका मापात आणावे लागत. त्यासाठी सगळ्या बोर्डांच्या निकालाची वाट पाहावी लागे आणि यादी लांबे. २०१७ पासून ते ४० टक्के गेले. आपल्या राज्याने तर त्याआधीच सीईटीची वाट पुन्हा धरली होती.

त्यानंतर वर्गात काय घडलं, ते मी रोज बघते. मुलाचं नाव एका महाविद्यालयाच्या पटावर आणि मूल दिवसभर दुसऱ्या गावच्या क्लासमध्ये. याला 'इंटिग्रेटेड' म्हणतात. बारावीच्या रसायनशास्त्राच्या शंभर गुणांत तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. टायट्रेशन करताना ब्युरेटची तोटी किती हलकी फिरवायची, फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी रंग फ्लास्क हलवल्यावरही टिकतो तो थेंब कुठला, हे हाताला कळावं लागतं. दोन वर्षांत एकदाही ब्युरेट न धरलेली मुलं प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येतात, जर्नल उतरवून काढतात आणि त्यांना तीसपैकी अठ्ठावीस मिळतात. सीईटी हे कौशल्य विचारत नाही आणि बोर्ड नावापुरतंच विचारतं. मला याचं फार वाईट वाटतं.

"बोर्ड म्हणजे खिरापत, सीईटी म्हणजे खरं मेरिट"

खिरापतीचा आरोप निराधार नाही. आपल्याच दहावीचे आकडे बघा. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषांसारख्या विषयांत शाळेच्या हातात असलेले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले, २०२० चा निकाल ९५.३० टक्के. मुलं एका वर्षात मठ्ठ होऊन पुढच्या वर्षी पुन्हा हुशार होत नाहीत. करोनामुळे २०२१ मध्ये बारावीची लेखी परीक्षाच रद्द झाली आणि दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के, बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के असं सूत्र लावलं. निकाल लागला ९९.६३ टक्के. शाळेने दिलेल्या गुणांवर मुलाचं भवितव्य टांगलं की शाळा हात सैल सोडते. शिक्षक म्हणून हे मान्य करणं सोपं नाही, पण ते खरं आहे.

म्हणून सीईटी निर्मळ ठरते असंही नाही. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिटाच्या आत पर्याय निवडायचा, हा सरावाचा भाग आहे आणि सराव विकत मिळतो. दोन वर्षांच्या क्लासची फी लाखांच्या घरात जाते. शेतमजुराच्या मुलीला बोर्डाची परीक्षा पाठ्यपुस्तकावर देता येते. सीईटीचा अभ्यासक्रमही तोच आहे, अकरावीचा २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के, पण वेगाचा सराव तिला कोण देणार? तमिळनाडूने या प्रश्नाचं उत्तर आपल्यापेक्षा वेगळं काढलं. तिथे अभियांत्रिकीची राज्य प्रवेश परीक्षा २००७ पासून बंद आहे. बारावीचं गणित शंभरपैकी, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र पन्नास-पन्नासपैकी धरून दोनशेत क्रम लावतात. वैद्यकीयला नीट टाळता येईना, तेव्हा २०२० मध्ये त्यांनी सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी ७.५ टक्के जागा राखून ठेवल्या. म्हणजे सीईटीशिवाय प्रवेश होऊच शकत नाहीत, हाही एक गैरसमजच.

"अमेरिकेने परीक्षा रद्द केल्या, मग आपण का नाही?"

करोनाच्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी सॅट आणि एसीटी या प्रवेश परीक्षा ऐच्छिक केल्या हे खरं. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर मे २०२० मध्ये त्या सोडायचं ठरवलं, तेही स्वतःच्याच प्राध्यापकांच्या समितीने परीक्षा ठेवाव्यात असं सुचवलेलं असताना. पण पुढची बातमी आपल्याकडे फारशी पोचली नाही. एमआयटीने मार्च २०२२ मध्ये परीक्षा परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक आणि ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ त्याच वाटेने गेले. डार्टमथच्या अभ्यासात एक गोष्ट पुढे आली ती मला महत्त्वाची वाटते: गरीब घरातली काही मुलं आपले गुण कमी समजून कळवतच नव्हती, आणि त्याच गुणांनी त्यांना प्रवेशाला मदत झाली असती.

याउलट शिकागोच्या सरकारी शाळांतून महाविद्यालयात गेलेल्या मुलांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की मूल पदवी पूर्ण करेल की नाही, याचा अंदाज शाळेतल्या श्रेणींवरून एसीटीपेक्षा कितीतरी चांगला येतो. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. एमआयटीकडे अर्ज करणाऱ्या बहुतेकांच्या श्रेणी वरच्या टोकाला टेकलेल्या असतात, तिथे निवडीला श्रेणी पुरत नाहीत. शिकागोच्या मुलांत सगळ्या तऱ्हेच्या श्रेणी असतात, तिथे चार वर्षांची चिकाटी श्रेणीत उमटते.

हा वाद जसाच्या तसा आपल्याकडे आणता येत नाही, याचं मोठं कारण वेगळंच आहे. अमेरिकेतली शाळेची श्रेणी म्हणजे नववी ते बारावी वर्गशिक्षकांनी दिलेले गृहपाठ, चाचण्या, प्रकल्प या सगळ्यांचा ताळा. आपली बारावी तशी नाहीच. ती स्वतःच राज्यभर एका वेळी, एका प्रश्नपत्रिकेवर, अनोळखी परीक्षकांकडून तपासली जाणारी तीन तासांची परीक्षा आहे. आपण बारावी विरुद्ध सीईटी असा वाद घालतो तेव्हा दोन परीक्षांमध्येच निवड करत असतो. एकीत लिहून मांडायला लागतं, दुसरीत झटपट निवडायला लागतं. वर्षभराच्या अभ्यासाची खरी नोंद आपल्याकडे कुठेच नाही, आणि २०२१ मध्ये ती घाईघाईने तयार करायला गेलो तेव्हा काय झालं ते वर आलंच आहे.

माझं मत विचाराल तर जागावाटपासाठी सीईटी राहावी. ४५ टक्क्यांचा उंबरठा मात्र फार खाली आहे. आयआयटीसारखी, आपल्याच बोर्डातल्या मुलांशी तुलना करणारी अट राज्यातल्या नामांकित महाविद्यालयांना लावता येईल, त्यात कडक बोर्डाच्या मुलांचं नुकसान होत नाही. आणि प्रात्यक्षिकाचे तीस गुण बाहेरच्या परीक्षकाने मुलासमोर उभं राहून, ब्युरेट हातात देऊन द्यावेत.

तोवर घरी एक काम करा: बारावीचं निकालपत्र फाइलला लावून विसरू नका. बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यात असलेल्या आणि मूलभूत विज्ञानाला जाणाऱ्या मुलांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपयांची. बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत असलेल्या मुलांना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपयांसाठी अर्ज करता येतो. या दोन्ही ठिकाणी सीईटीचे गुण कोणी विचारत नाही, बारावीचेच विचारतात. माझ्या वर्गातल्या पात्र मुलांपैकी अनेकांना या योजना कळतात त्या अर्जाची मुदत संपल्यावर.